गोळी सुटत का नाही?

चिंता शमविणाऱ्या गोळ्यांचा विषय निघाला की सभेतून एक प्रश्न हमखास येतो : "गोळी डॉक्टरांनीच लिहून दिलेली आहे, आम्ही ती सांगितली तेवढीच घेतो, मग तिचे व्यसन कसे लागेल?" विचारणाऱ्याच्या स्वरात थोडा रागही असतो, आणि तो रास्त आहे. व्यसन म्हटले की आपल्यापुढे दारूचा गुत्ता उभा राहतो. रात्री झोप यावी म्हणून अर्धी गोळी घेणाऱ्या पेन्शनर गृहस्थांना तो शब्द आपल्याला लागलेला कसा खपावा? आम्हीही तो येथे वापरणार नाही. घडते ते निराळेच आहे.

१९५७ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे, हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत आवराआवर चालली असता लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखालील एक बाजूला पडलेले संयुग तपासणीला गेले. त्यातून १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आले. बेंझोडायझेपिन म्हणतात त्या कुळाचा हा आरंभ. आपल्याकडे आज घरोघरी दिसणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्या याच कुळातल्या. त्यापूर्वीच्या बार्बिट्युरेट औषधांची मात्रा थोडी चुकली तरी जिवावर बेतत असे. त्या मानाने ही औषधे पुष्कळच सौम्य, त्यामुळे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही भीड चेपली.

वास्तविक इशारा लवकर मिळाला होता. १९६१ सालीच लिओ हॉलिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, लिब्रियमची मोठी मात्रा काही महिने घेणाऱ्यांचे औषध एकाएकी थांबविले तर बहुतेकांना त्रास होतो, काहींना आकडीही येते. पण ती मात्रा फारच मोठी होती, म्हणून गोष्ट मागे पडली. नेहमीच्या लहान मात्रेनेही असेच घडू शकते, हे सर्वमान्य व्हायला पुढची वीस वर्षे गेली.

असे का घडते? आपल्या मेंदूत गॅबा नावाचे एक द्रव्य असते. त्याचे काम ब्रेकचे. ही गोळी स्वतः ब्रेक लावीत नाही, गॅबाने लावलेला ब्रेक अधिक घट्ट बसविते. म्हणून मन निवते, स्नायू सैलावतात, डोळा लागतो. परंतु मेंदूही स्वस्थ बसत नाही. ब्रेक रोज जादा दाबला जातो असे दिसताच तो काही आठवड्यांत आपली घडण बदलून त्या दाबाला दाद देईनासा होतो. आता गोळी एकदम काढून घेतली तर उतारावरच्या गाडीचे जे होईल तेच होते. झोप उडते, छाती धडधडते, हात कापतात, उगाच भीती वाटते.

आणि खरी मेख येथे आहे. ही लक्षणे मूळच्या चिंतेसारखीच दिसतात! रोग्याला वाटते, दुखणे उलटले. तो गोळी घेतो, थोड्या वेळात बरे वाटते, आणि गोळीवाचून आपले चालत नाही हा त्याचा ग्रह पक्का होतो. कधीकधी डॉक्टरांचाही होतो. फरक ओळखण्याच्या खुणा आहेत. जुनी चिंता सहसा सावकाश आणि आपल्या जुन्याच रूपात परतते. गोळी तुटल्याचा त्रास अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधात एक-दोन दिवसांत, व्हॅलियममध्ये काही दिवसांनी सुरू होतो. आणि त्यात पूर्वी कधी नव्हत्या अशा तक्रारी असतात. भांड्यांचा आवाज सोसवत नाही, उजेड डोळ्यांना खुपतो, अंगाला मुंग्या येतात.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हेदर ॲश्टन या विदुषींनी १९८२ ते १९९४ या काळात अशा रोग्यांसाठी खास दवाखाना चालविला. रोगी सांगतात ते त्यांनी खरे मानून ऐकले, ही आम्हाला त्यांची मोठी कामगिरी वाटते. त्यांची रीत साधी होती : मात्रा अगदी थोडी थोडी, आठवड्या-दोन आठवड्यांनी उतरवायची, आणि वेग रोग्याने ठरवायचा. यास महिने लागतात. कोणाला वर्षाहूनही अधिक.

१९८८ साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असा सल्ला दिला. आपल्याकडे २०१३ च्या नियमाने अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या विकताना दुकानदाराने निराळ्या वहीत नोंद ठेवावयाची आहे. तरीही जुनी, मळकी चिठ्ठी दाखवून पट्टी आणणारी माणसे आपणा सर्वांच्या ओळखीची आहेत. औषध वाईट नव्हे. आकडी थांबविण्यास, शस्त्रक्रियेपूर्वी, त्याचे मोल मोठे आहे. चार आठवड्यांची सोबत दहा वर्षांची होते, तक्रार तेवढीच.

या विषयावर बोलताना आम्हाला एक धास्ती नेहमी वाटते. ऐकणाऱ्यांपैकी कोणी आवेशाने घरी जाऊन पट्टी केरात टाकील, आणि चौथ्या दिवशी त्याला आकडी येईल. तसे कोणी करू नये. आज रात्रीची गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी, आणि उद्या डॉक्टरांकडे जाऊन विचारावे, ही घेऊन किती वर्षे झाली, आणि उतरवायला कोठून आरंभ करू?