बायोडेटात ब्लड रिपोर्ट!

आमच्या केनवडला स्थळ आलं की आधी ‘एक नाड’ बघतात. होणाऱ्या मुलांची काळजी! मग विदर्भात सिकलसेलची टेस्ट का नको, बॉस? हा दोष अकराव्या क्रोमोझोमवरच्या जीनमध्ये असतो. जीनची एक प्रत आईकडून, एक बाबांकडून. एकच सदोष असेल तर तुम्ही नुसते वाहक. ऑफिस, जिम सगळं ओके, पत्ताही लागत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक वेळी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात, अंग असह्य दुखतं. पहिलं मूल ठणठणीत, म्हणून दुसरं सेफ? छे!

मी बायोडेटात पगाराखाली लिहिलंय: ‘सिकलसेल वाहक’. आई म्हणते, ‘खोडून टाक ना बाप्पा!’ नाही खोडणार. मुलगीही वाहक आहे का, एवढंच आधी कळू दे.