पुतळा नव्हे, शिल्प

नांदेड असो वा लातूर, शिल्पकला म्हटली की चौकातील पुतळाच डोळ्यांसमोर उभा राहतो. पुतळ्याचे यश हुबेहूबपणावर मोजले जाते. त्यामुळे नाक-डोळे गाळून केवळ खांद्याचा उतार किंवा पाठीचा बाक दाखवणारी मानवाकृती समोर आली, की ‘हे नेमके काय?’ असा प्रश्न पडतो. अमूर्ततेकडे झुकणारे हे शिल्प आपण परके मानतो. वास्तविक ते तसे नाही.

नांदेड जिल्ह्यातील माहूरगडावर रेणुकामातेची पूर्णाकृती मूर्ती नाही. आहे तो शेंदूरचर्चित भव्य मुखवटा. गावोगावच्या तांदळ्यांना तर अवयवही नसतात. तरीही ‘बाकीचे शरीर कोठे?’ असे कोणी भाविक विचारीत नाही. ही सवलत आपण शिल्पकाराला मात्र देत नाही!

अशा शिल्पाची सुरुवात बहुधा मातीत होते. मराठवाड्याची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तशीच वापरली तर मूर्ती तडकते. म्हणून गाळाच्या मातीत वाळू वा राख मिसळून ती मळावी लागते. मूर्ती भाजायची असेल तर आतून पोकळ हवी, अन्यथा कोंडलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ती भट्टीतच फुटते. लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील सातवाहनकालीन कारागिरांना हे ठाऊक होते. दोन साच्यांचे भाग जोडून त्यांनी घडवलेल्या पोकळ मूर्ती तेथील संग्रहालयात पाहता येतात.

काँक्रीटची जात वेगळी. ते दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून आत सळया आणि जाळीचा सांगाडा लागतो. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये अशाच सांगाड्यावर सिमेंट आणि जांभ्याच्या खडीचे मिश्रण थापून ‘संथाळ कुटुंब’ उभे केले. ब्राँझच्या तुलनेत हे साहित्य कितीतरी स्वस्त होते. पण त्या खडबडीत पृष्ठभागाने मजुरांच्या देहाला जे वजन दिले, ते गुळगुळीत धातूला साधले असते असे वाटत नाही.

लातूरकरांसाठी या दोन माध्यमांना आणखी एक अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे माणसांवर कोसळली. पुनर्वसनात सिमेंट-काँक्रीटची घरे आली. येथे मातीतून काँक्रीटमध्ये उतरणारी मानवाकृती पाहताना ते आठवणारच.

काँक्रीटला एक गोष्ट मात्र भरपूर लागते, ती म्हणजे पाणी. ओतल्यावर निदान आठवडाभर ते ओले ठेवावे लागते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात उन्हाळ्यात असे काम काढणे अवघडच. अशा वेळी शिल्पाला ओली पोती गुंडाळतात आणि ती सुकू लागली की पुन्हा भिजवतात.