होडी, यंत्र आणि दोन वल्ही

पार्से गाव समुद्राला लागून नाही. परंतु मोरजी, मांद्रे, हरमल आणि केरी या किनाऱ्यांशी आपल्या लोकांचे नाते सोयरिकीचे आहे आणि रोजच्या जेवणाचेही आहे. गेल्या पावसाळ्यात किनाऱ्यावरील एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. घरात वाद पेटला होता. होडीचे जुने इंजिन एका हंगामात दोनदा भर समुद्रात बंद पडले होते. नवे घेणे भाग होते; पण कोणते? मुलाला शक्य तितक्या मोठ्या अश्वशक्तीचे इंजिन हवे होते व त्यासाठी आईच्या बांगड्या गहाण टाकण्याची त्याची तयारी होती. वडिलांचे म्हणणे, भरवसा ठेवावा तो डिझेलच्या इंजिनावरच. "पाद्रीबाब, आता तुम्हीच काय ते सांगा," असे म्हणून दोघेही गप्प बसले.

आम्ही सेमिनारीत यंत्रशास्त्र शिकलो नाही. म्हणून तात्काळ निकाल न देता आम्ही जाणत्या मच्छीमारांकडे व इंजिने दुरुस्त करणाऱ्यांकडे चौकशी केली. जे समजले ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

प्रथम एक जुना धडा. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात १९५२ साली करार होऊन केरळात कोल्लमजवळ नींदकरा येथे मच्छीमारीची एक मोठी योजना सुरू झाली. तेथील होड्यांना इंजिने बसवावीत असा आरंभीचा विचार होता. परंतु वल्ह्यांसाठी घडलेल्या त्या हलक्या होड्या आत बसविलेल्या इंजिनाला मानवेनात. अखेर इंजिनासाठी नव्या बोटीच बांधाव्या लागल्या. तात्पर्य हे की, इंजिन चांगले की वाईट हा प्रश्न एकट्या इंजिनाचा नसतो. ते कोणत्या होडीवर बसणार आणि ती होडी कोठे लागणार, हे आधी पाहावे लागते.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यानंतर त्याच दशकात येथे ट्रॉलर आले. ट्रॉलरच्या पोटात डिझेल इंजिन असते. त्याला ठिणगी देणारा प्लग लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेटते. त्यामुळे खाऱ्या पाण्याने प्लग भिजण्याची धास्ती नाही. स्वच्छ तेल, हवा आणि थंडावा देणारे पाणी मिळत राहिले तर ते तासन्‌तास चालते, आणि खर्चही कमी येतो. या बाबतीत वडिलांचे म्हणणे खरे होते. परंतु ते जड असते व त्याच्या बोटीला खाली पाणी असलेला धक्का हवा. शापोऱ्याच्या धक्क्याला ती लागेल. हरमलच्या उघड्या वाळूवर रोज ओढून काढता येणार नाही.

वाळूवरून ढकलावयाच्या फायबरच्या होडीला मागे अडकविण्याचे इंजिनच योग्य. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ च्या सुमारास असे इंजिन बाजारात आणले. उथळ पाण्यात त्याचा पंखा वर उचलता येतो आणि संध्याकाळी ते काढून घरी नेता येते. यातही दोन जाती आहेत. टू-स्ट्रोक इंजिन हलके असते व त्याचे भाग थोडे, म्हणून गावातल्या गावात दुरुस्त होते. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते आणि इंधन अधिक जळते. फोर-स्ट्रोक इंधन वाचविते. मात्र ते वजनाला व किमतीला जड असून त्याला जाणता कारागीर लागतो. रॉकेलवर चालणारी इंजिने पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेतात. बंद करण्यापूर्वी पुन्हा काही मिनिटे पेट्रोलवर न चालविल्यास दुसऱ्या दिवशी ती सुरू होताना त्रास देतात, आणि रॉकेलच्या काजळीने प्लगही लवकर बिघडतात.

अश्वशक्तीविषयी मुलाची समजूत मात्र चुकीची होती. जाळ्यांनी भरलेल्या होडीला दुप्पट शक्ती दिल्याने वेग दुप्पट होत नाही. इंधनाचा खर्च तेवढा वाढतो. जड इंजिनाने होडीची मागची बाजूही दबते आणि लाट आत येते. १९८० च्या कायद्याने किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा ट्रॉलरांना बंद आहे, आणि लहान होडीचे बहुतेक काम तेथेच असते. त्यासाठी आठ-दहा अश्वशक्ती पुरेशी ठरते.

मग इंजिने बंद का पडतात? प्रत्येक कारागिराने आम्हाला जवळजवळ तेच सांगितले: तेलात पाणी, पाण्याच्या वाटेत वाळू, प्लगवर मीठ, पंख्यात जाळ्याची दोरी. यांपैकी एकही दोष कारखान्यातून येत नाही. तेल गाळून भरावे. घरी आल्यावर गोड्या पाण्यात इंजिन थोडा वेळ चालवावे, म्हणजे आतील मीठ धुऊन जाते. पाणी फेकणारा आतील रबरी पंखा झिजण्याआधी बदलावा. जादा प्लग, पंख्याची पिन आणि पाना डब्यात कोरडे ठेवावेत. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात जाळी विणतो त्याप्रमाणे इंजिनही उघडून पाहावे.

एवढे करूनही इंजिन कधीतरी थांबेलच. नदीच्या मुखाशी जेथे लाटा वाळूवर फुटतात, तेथे ते थांबले तर आडवी झालेली होडी उलटण्यास एक लाट पुरते. म्हणून वल्ही, नांगर आणि लांब दोरी होडीत असलीच पाहिजेत. तेलाचा एक भाग जाण्यास, एक येण्यास आणि एक राखीव, असा हिशेब ठेवावा. जीवरक्षक जॅकेट अंगात असावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरातील बायकामुलांनाही पाठ असावा.

हे सर्व आम्ही त्या बापलेकांना सांगितले. शेवटी आम्ही मुलाला विचारले, "दोन्ही वेळा इंजिन बंद पडले तेव्हा तुम्ही परत कसे आलात?" तो खाली पाहून म्हणाला, "दुसऱ्या होडीने ओढून आणले, पाद्रीबाब. वल्ही आम्ही घरीच ठेवतो. जागा अडते."

वडिलांनी कपाळाला हात लावला. पण रागावले नाहीत.

त्यांनी शेजाऱ्यांकडे आहे तेच, त्याच शक्तीचे इंजिन घेतले. कारण त्याचे सुटे भाग आणि कारागीर दोन्ही जवळ आहेत. आईच्या बांगड्या तिच्या हातातच राहिल्या. ऑगस्टमध्ये समुद्र उघडला तेव्हा आम्ही मुद्दाम किनाऱ्यावर गेलो. नवे इंजिन होडीच्या मागे चकाकत होते. आमची दृष्टी मात्र होडीच्या तळाशी गेली. तेथे दोन वल्ही नीट बांधून ठेवली होती.