धातूच्या माणसांची अध्यक्षपदाची वाट

दक्षिण दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. बढती म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्येष्ठतेची यादी, वार्षिक अहवाल, विभागीय समिती, मग नवी श्रेणी. आणि श्रेणी बदलली की वरच्या टाइपच्या क्वार्टरसाठी अर्ज. अशा वसाहतीतल्या मराठी घरातली मुलगी मेटलर्जी शिकायला गेली, तर तिच्यासमोर आणखी एक वाट असते. त्या वाटेचा उल्लेख कोणत्याही सेवानियमात सापडत नाही. ती जाते व्यावसायिक संस्थेच्या अध्यक्षपदाकडे. त्या पदाला पगार नाही की क्वार्टर नाही. तरीही तिथवर पोहोचलेल्यांची कारकीर्द पाहिली की धातुक्षेत्रात माणूस कसा घडतो, ते नीट कळतं.

आपल्या जवळचं उदाहरण नवी मुंबईचं आहे. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत प्रदीप मेटल्स ही फोर्जिंगची कंपनी आहे. तिचे प्रमुख प्रदीप गोयल आयआयटी कानपूरमध्ये मेटलर्जी शिकले, पुढे अमेरिकेत एमआयटीत गेले आणि परत येऊन कारखानदारीत उतरले. 2022 मध्ये एएसएम इंटरनॅशनल या धातुक्षेत्रातल्या, जगभर सभासद असलेल्या संस्थेच्या उपाध्यक्षपदासाठी त्यांचं नामांकन झालं आणि 2023-24 मध्ये ते तिचे अध्यक्ष होते.

फोर्जिंग म्हणजे पोलादाचा तुकडा साधारण बाराशे अंश सेल्सियसला लालपिवळा तापवायचा आणि दोन डायांच्या मध्ये दाबून त्याला आकार द्यायचा. सळई कापून तोच भाग घडवला, तर धातूच्या आतले तंतू जागोजागी तुटतात. फोर्जिंगमध्ये ते वळणावळणाने आकाराच्या मागे जातात. म्हणून तेल आणि वायूच्या वाहिन्यांवरचे फ्लँज आणि झडपांचे भाग असे घडवलेले असतात. फोर्ज केलेला एखादा भाग मधोमध कापून, घासून, आम्लात बुडवला की ही तंतूंची नक्षी नुसत्या डोळ्यांना दिसते. मेटलर्जीच्या प्रयोगशाळेत हे एकदा पाहिलेला विद्यार्थी पोलादाला निर्जीव म्हणताना दोनदा विचार करतो.

एएसएमचं मूळही भट्टीजवळचंच आहे. 1913 मध्ये डेट्रॉइटमध्ये विल्यम पार्क वुडसाइड नावाच्या लोहाराने पोलादाला पाणी देणाऱ्या कारागिरांचा एक क्लब सुरू केला. तोवर कोणतं पोलाद किती तापवायचं आणि कशात विझवायचं, हे जो तो आपल्यापाशी दडवून ठेवत असे. ते एकमेकांना सांगायचं, एवढाच क्लबचा उद्देश. आज तिथे टर्बाइनच्या मिश्रधातूंवर चर्चा होते, पण मूळ काम बदललेलं नाही: एकाला कळलेलं दुसऱ्यापर्यंत पोहोचवणं.

अध्यक्ष ठरतो कसा? निवडणुकीच्या प्रचाराची सवय असलेल्या आपल्याला ही रीत वेगळी वाटेल. नामांकन समिती प्रत्येक पदासाठी एकच नाव सुचवते. ते जाहीर झाल्यावर ठरावीक मुदतीत सभासदांना लेखी दुसरं नाव पुढे करता येतं. तसं कोणी केलं नाही, तर वार्षिक सभेत पहिल्याच नावावर शिक्कामोर्तब होतं. शिवाय माणूस थेट अध्यक्ष होत नाही. आधी उपाध्यक्ष, मग अध्यक्ष, मग माजी अध्यक्ष म्हणून आणखी काही काळ कार्यकारिणीवर. म्हणजे होकार देणाऱ्याने आपल्या आयुष्यातली सलग काही वर्षं देऊन टाकायची असतात. मला या पद्धतीत एक धोकाही दिसतो. समितीतली माणसं आपल्या ओळखीतलीच नावं काढू शकतात. त्यावर उतारा एकच, समितीत वेगवेगळ्या देशांची आणि वेगवेगळ्या कामांची माणसं असणं. रबाळ्याच्या कारखानदाराचं नाव पुढे येऊ शकलं, याचं महत्त्व मला म्हणूनच मोठं वाटतं. त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेले नवीन मंजूरन हेही भारतीय वंशाचेच.

आपल्याकडची मोठी संस्था म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स. 1946 मध्ये ती स्थापन झाली, मुख्यालय कोलकात्याला. पहिले अध्यक्ष टाटा स्टीलचे सर जहांगीर घांदी. तिच्या दिल्ली शाखेची जागा तुघलकाबाद संस्थात्मक परिसरात, जवाहर धातु भवनात आहे. लक्ष्मीबाई नगरहून तिथे जाणं म्हणजे दिल्लीच्या हिशेबात शेजारीच. या संस्थेच्या अध्यक्षांमध्ये एक मराठी नाव आवर्जून घ्यावं असं आहे: अमोल गोखले. आयआयटी मुंबईत मेटलर्जी, पिट्सबर्गला पीएचडी, मग हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेत दीर्घ कारकीर्द, तिथे संचालकपद आणि पुढे आयआयटी मुंबईत अध्यापन.

गोखले ज्या ॲल्युमिनियम-लिथियम मिश्रधातूंवर खपले, ते समजून घेण्यासारखे आहेत. ॲल्युमिनियममध्ये वजनाने एक टक्का लिथियम मिसळलं की घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते आणि ताठपणा सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. धातू हलका होतो आणि त्याच वेळी कडकही, आणि विमान बनवणाऱ्याला याहून काय हवं? पण लिथियम हवेला आणि ओलाव्याला लगेच झोंबतं. वितळलेला रस उघडा ठेवला तर ते जळून जातं, म्हणून तो आर्गॉन वायूच्या आवरणाखाली वितळवावा लागतो. प्रयोगशाळेत एक किलो नीट जमलं तरी टनावारी ओतताना सगळं पुन्हा शिकावं लागतं. असं काम वर्षानुवर्षं चालतं, त्याची बातमी होत नाही आणि विमानाच्या कातडीखाली ते कुणाला दिसत नाही. म्हणून ते ज्यांना दिसतं त्यांनी, म्हणजे त्याच व्यवसायातल्या माणसांनी, ज्याला आपला अध्यक्ष केलं, त्या निवडीला वजन असतं.

धातूबाहेरच्या संस्थांतही मराठी माणसं या बाबतीत मागे नाहीत. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर पॉलिमरवर काम करता करता पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले, 1995 पासून दिल्लीत सीएसआयआरचे महासंचालक होते, आणि 2007 मध्ये ब्रिटनच्या रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले.

मात्र ही सगळी वर पोहोचलेली नावं. वाट सुरू होते ती खूप खाली, शाखेच्या कामातून. संध्याकाळच्या व्याख्यानासाठी सभागृह मिळवायचं, वक्त्याला स्टेशनवरून आणायचं, विद्यार्थ्यांची प्रश्नमंजुषा घ्यायची, शोधनिबंध तपासायचे, वर्गणीचा हिशेब ठेवायचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात 1948 पासून मेटलर्जी शिकवली जाते, नागपूरच्या व्हीएनआयटीतही तो विभाग आहे, आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांची त्यांच्या राष्ट्रीय संस्थेत स्वतःची शाखा आहे. यातल्या कितीतरी मुलांना विद्यार्थी सभासदत्व असतं, पण नोकरी लागताच ते सुटतं. कंपन्यांनी तरुण इंजिनिअरांना शाखेच्या कामासाठी महिन्यातून एक संध्याकाळ मोकळी द्यावी, असं मला अगदी मनापासून वाटतं. अध्यक्षपदाच्या खुर्च्यांवर आज मोठ्या कंपन्यांचे प्रमुख आणि प्रयोगशाळांचे संचालक अधिक दिसतात. ओतकामाच्या शॉपमध्ये पंचवीस वर्षं काढलेला माणूस क्वचित.

दिल्लीतल्या मुलांना धातूची ओढ लावायची तर सोय घराजवळच आहे. लक्ष्मीबाई नगरजवळून जाणारा अरबिंदो मार्ग सरळ दक्षिणेला मेहरौलीपर्यंत जातो. तिथला गुप्तकाळातला लोहस्तंभ सव्वासात मीटर उंच आणि सहा टनांहून जड. कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमण्यम यांनी तो वर्षानुवर्षं अभ्यासला आणि तो का गंजत नाही ते दाखवलं: त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, चिवट थर तयार झाला आणि त्यानेच आतल्या लोखंडाला राखलं. कोळशाच्या भट्टीत, चुनखडी न वापरता काढलेल्या लोखंडात फॉस्फरस तसाच राहून गेला. तो बनवणाऱ्या लोहारांपैकी एकाचंही नाव त्या स्तंभावर कोरलेलं नाही.