पेटीतलं कापड म्हणजे बचत नव्हे



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. वसुली चालू होती. शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलेल्या एका ताईंचा हप्ता ६०० रुपये. त्यांनी २०० रुपये सतरंजीवर ठेवले आणि म्हणाल्या, "या महिन्याला एवढंच जमलं." सचिव ताईंनी वहीत लिहून घेतलं. कुणी काही बोललं नाही, कारण या ताई हप्ता चुकवणाऱ्यांतल्या नाहीत.

बैठक झाल्यावर त्या मला चहाला घरी घेऊन गेल्या. मशीन खिडकीपाशी, स्वच्छ पुसून ठेवलेलं. शेजारी लोखंडी पेटी. ताईंनी पेटी उघडली तर वरपासून खालपर्यंत कापडच कापड! ओटीत आलेले ब्लाऊज पीस, लेकीच्या लग्नात जमलेले, साड्यांचे कापून ठेवलेले, आणि गल्लीत टेम्पो येतो त्याच्याकडून घेतलेले. आम्ही दोघींनी खाली बसून मोजले. ५३ ब्लाऊज पीस आणि ४ ड्रेस मटेरियल. त्यातले १८ पीस आणि चारही ड्रेस मशीन आल्यानंतरच्या सात महिन्यांत विकत घेतलेले.

"आणि शिवले किती?" मी विचारलं.

ताई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "दोन. अन् त्यातला एक बिघडला."

त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. नाव नको म्हणाल्या, पण म्हणाल्या, "लिही, बाकीच्याही पेट्या उघडू देत."

आता माझीही पेटी उघडते. एमएसडब्ल्यू झाल्यावर पहिला पगार हातात आला, तेव्हा मी कुर्त्यांची पाच कापडं घेतली. शिवायला येत नव्हतं, पण "शिकून शिवू" असं मनात होतं. त्यातली तीन अजून तशीच आहेत. त्यामुळे हा लेख शहाणपण सांगणारीचा नाही. तुमच्यातल्याच एकीचा आहे.

आपण कापड का घेत राहतो?

स्वस्त मिळतं हे एक कारण आहेच. आपल्या भागाला इचलकरंजी जवळ, विट्यातही यंत्रमाग. कटपीस आणि किलोवरचं कापड सहज हाताला लागतं. पण खरं कारण वेगळं आहे असं मला वाटतं. घरात किराणा, खत, औषध, मुलांची फी यातल्या कशावर किती खर्च करायचा हे बहुतेक दुसरंच कुणीतरी ठरवतं. रंग बघून, हात लावून, स्वतःच्या मनानं घ्यायची वस्तू म्हणजे कापड. त्यात गैर काहीच नाही. कापड घेताना आपल्याला नुसतं कापड दिसत नाही, तो ब्लाऊज घालून लग्नाला निघालेल्या आपण दिसतो.

दुसरं कारण भीतीचं. "चांगलं कापड आहे, कापताना बिघडलं तर?" कात्री लावायचा धीर होत नाही. मग ते वर ठेवायचं आणि जरा हलकं दुसरं घ्यायचं. ते घरी आलं की तेही चांगलं वाटायला लागतं. घेणं सोपं असतं, शिवणं अवघड. म्हणून घेणं वाढतं आणि शिवणं राहून जातं.

हिशोब मांडून बघू

त्या ताईंचा हिशोब आम्ही तिथेच मांडला. १८ ब्लाऊज पीस, सरासरी ७० रुपयांचे, म्हणजे १,२६० रुपये. ४ ड्रेस, २१० रुपयांचे, म्हणजे ८४० रुपये. एकूण २,१०० रुपये. म्हणजे साडेतीन हप्ते पेटीत बसलेले!

त्यांच्या गटात कर्जाला महिन्याला शेकडा २ रुपये व्याज आहे. म्हणजे पेटीतल्या २,१०० रुपयांवर ताई महिन्याला ४२ रुपये व्याज भरतात, वर्षाला ५०४. पेटीतलं कापड दर महिन्याला भाडं खातंय असं समजा.

"कापड कुठं जातंय? ते आहेच की," असं आपण म्हणतो. पण कापड वाढत नाही. घडीवर विरतं, कसर लागते, उंदीर शिरतो, रंग उतरतो. अडीअडचणीला पेटीतला पीस घेऊन गेलं तर दुकानदार घेतलेल्या किमतीला परत घेत नाही. गटातली बचत अडचणीला कर्ज मिळवून देते. पेटीतलं कापड तसं देत नाही. ते अंगावर आलं किंवा विकलं गेलं, तरच त्याचे पैसे वसूल.

पहिलं काम: पेटीची नोंदवही

पंचसूत्रीत आपण हिशोब लिहायला शिकलो. तेच इथं करायचं. मुलीच्या जुन्या वहीची चार पानं पुरतील. प्रत्येक कापडासाठी एक ओळ: कापड कसलं (सुती, टेरिकॉट, सिल्क), लांबी किती, पन्हा किती, आणि त्याचं काय होईल. पन्हा लिहायला विसरू नका. ३६ इंची पन्हा आणि ४४ इंची पन्हा यात तेवढ्याच लांबीत बाहीचा फरक पडतो.

सुती की नायलॉनसारखं, हे कळत नसेल तर काठाचा एक दोरा काढून, चिमट्यात धरून, ताटलीवर पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. उन्हात राबताना घालायचा ब्लाऊज कशाचा शिवायचा, हे त्यावरून ठरवा.

कशाला किती लागतं, याचा साधारण अंदाज असा. ब्लाऊजला ८० सेंटीमीटर ते १ मीटर. परकराला दोन ते सव्वादोन मीटर. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकला सव्वा ते दीड मीटर. बाळाच्या झबल्याला अर्धा मीटर. अंगानुसार थोडं कमी-जास्त होईल. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मग पेटीतला तुकडा कशाला पुरेल हे लगेच दिसेल.

भीती कशी घालवायची?

बिघडण्याची भीती बोलून जात नाही. बिघडलं तरी चालेल अशा कापडावर हात बसवूनच ती जाते.

आधी वर्तमानपत्रावर कटिंग करा. मापं घेऊन पाठ, पुढचा भाग, बाही कागदावर काढा आणि कापा. एकदा कागद बरोबर जमला की त्यावर नाव आणि तारीख लिहून जपून ठेवा. दर वेळी नव्यानं मापात चुकायला नको.

मग जुन्या साडीवर पहिला ब्लाऊज शिवा. साडी बहुतेक निऱ्यांपाशी आणि खालच्या काठाला विरते, पण मधला बराच भाग धड असतो. तिथून कापा. हा ब्लाऊज घालून हात वर करा, वाका, बसा. कुठं ओढतो, कुठं ढिला पडतो ते बघून कागदावर दुरुस्ती करा. त्यानंतरच पेटीतल्या पिसाला कात्री लावा.

कापण्याआधी कोरं सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं. न भिजवता शिवलं तर धुतल्यावर ब्लाऊज अंगात जात नाही आणि आपल्याला वाटतं कटिंग चुकलं. माझा पहिला कुर्ता असाच गेला.

बाजूच्या शिवणीत आत एक इंच माया सोडा. अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. मायेचा तो एक इंच पुढचा नवा पीस वाचवतो.

कापड कमी पडलं तर?

"जरासं कमी पडतंय" म्हणून आपण नवं घ्यायला निघतो. थांबा. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तसं कापड पाहून कपडा ठरवावा.

बाही निघत नसेल तर बाही दुसऱ्या कापडाची लावा. गळ्यालाही त्याच कापडाची पट्टी लावली की ठरवून केल्यासारखं दिसतं. लांबी कमी असेल तर जुन्या साडीचा काठ खाली जोडा. पाठ अखंड निघत नसेल तर मधोमध जोड द्या, तिथंच हुक लावा. अस्तराला नवं कापडच पाहिजे असं नाही, धड उरलेली मऊ सुती साडी अस्तराला चालते. फक्त तिचा रंग जात नाही ना ते ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा.

कटिंगनंतरचे तुकडे एका पिशवीत टाकत जा. तिरक्या तुकड्यांची उरेब पट्टी काढा, गळ्याला आणि मुंढ्याला ती लागतेच. लहान तुकड्यांचे बटवे, पायपुसणी. आणि गोधडी तर आपल्या आया-आज्यांनी शिकवलेलीच आहे. त्यांनी जुनेराला धावदोरा घालून घरभर ऊब केली, आणि त्यासाठी बाजारातून मीटरभरही आणलं नाही.

ओटीच्या पिसांचं काय करायचं?

हा नाजूक विषय आहे, पण बोलायला हवा. आपल्या पेट्यांतले निम्मे पीस आपण घेतलेलेच नसतात. ओटीत येतात. आपणही तेच पुढच्या ओटीत देतो. काही पीस तर गावभर फिरून परत आपल्याकडे येतात, हो ना? ओटी हा मान आहे, तो मोडा असं मी म्हणत नाही. पण शिवण्याजोगं नसलेलं कापड फिरवत ठेवण्यापेक्षा त्याचं कामाचं काहीतरी करता येईल.

आपल्या राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आली. कापडी पिशवीला मागणी आहे. ८० सेंटीमीटर लांब, ३६ इंच पन्ह्याच्या एका पिसात दोन पिशव्या बसतात. ३६ इंच लांब, १३ इंच रुंद असे दोन तुकडे काढा. प्रत्येक मधे दुमडला की १८ इंच उंचीची पिशवी. उरलेल्या साडेपाच इंची पट्टीचे उभे दोन भाग करा, मग ते मधोमध आडवे कापा. चार बंद तयार. कापड पातळ असेल तर दोन थर करून एकच पिशवी शिवा, भाजीचं वजन पेलायला हवं.

संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून हीच पिशवी दिली तर? गटातल्या सगळ्या जणींनी पाच-पाच पीस दिले, दोन मशीनवाल्या तायांनी शिवल्या, तर वाणाचा खर्च फक्त दोऱ्याचा.

नवीन घ्यायचंच नाही का?

घ्यायचं की. दिवाळीला लेकीला नवं नको का? फक्त टेम्पो आला की पर्स उघडायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. याचं नक्की काय शिवणार? या महिन्यात शिवणार का? असं कापड वहीत आधीच आहे का? पहिल्या दोन्ही प्रश्नांना "हो" आणि तिसऱ्याला "नाही" असेल, तर खुशाल घ्या. आणि पिसाच्या किमतीत अस्तर, दोरा, हुक धरायला विसरू नका.

ज्या ताया गिऱ्हाइकांचं शिवतात, त्यांनी धंद्याचं कापड आणि घरचं कापड वेगळं ठेवा, वहीतही आणि पिशवीतही. अस्तराचे नेहमी लागणारे चार-पाच रंग ठेवले तर ते भांडवल. "कुणीतरी मागेल" म्हणून घेतलेले भारी पीस धंद्याच्या नावाखाली आपल्याच हौसेचे असतात. हौस करा, पण वहीत ती हौसेच्याच पानावर लिहा.

येत्या बैठकीत एवढं करा

प्रत्येकीनं पेटीतलं आपल्याला नको असलेलं, पण चांगलं, एक कापड बैठकीला आणायचं. सतरंजीवर मांडायचं आणि अदलाबदल करायची. तुमच्याकडे पडून असलेला हिरवा कुणाच्या तरी साडीला हवा असतो. आमच्या दोन गटांत हे झालं, आणि पैसे न काढता सगळ्या जणी नवं कापड घेऊन घरी गेल्या.

राहता राहिल्या त्या ताई. या महिन्याच्या बैठकीला त्या लाल ब्लाऊज घालून आल्या होत्या, बाह्या पिवळ्या. बिघडलेल्या ब्लाऊजच्याच पाठीच्या त्या बाह्या. महिन्यात चार ब्लाऊज शिवले, एकाचा गळा मोठा झाला. टेम्पो दोनदा येऊन गेला, एकदा त्या बाहेर गेल्या आणि हात लावून परत आल्या. हप्ता पूर्ण ६०० रुपये दिला. मागचे ४०० अजून बाकी आहेत.

पेटीत आता ४९ पीस आहेत. "खाली यायला वर्ष लागेल गं," त्या म्हणाल्या. लागू दे ताई. वही चालू ठेवा.

तुमच्या पेटीत किती निघाले, ते पुढच्या भेटीत मला सांगा. माझ्या तीन कापडांचं काय झालं ते मीही सांगेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक