बंद तारेतली वीज

रविवारचा मेगाब्लॉक कोपरीकरांना नवा नाही. ठाणे ते कल्याणदरम्यान धिम्या मार्गावर काम आणि जलद मार्गावर गाड्या सुरू, हे तर पाठच झालेले. धिम्या मार्गाच्या ओव्हरहेड तारेचा वीजपुरवठा बंद होतो. तरीही कामगार लगेच तारेला हात लावत नाहीत. आधी कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्या तारेत अडकवल्या जातात. त्यांच्या केबलचे दुसरे टोक रुळाला जोडलेले असते. वीज बंदच आहे, मग हा खटाटोप कशाला?

कारण शेजारची तार चालू असते, तीही 25 हजार व्होल्टची. शाळेतला प्रयोग आठवा. ऋण प्रभारित कांडी धातूच्या गोळ्याजवळ, न टेकवता धरली की गोळ्यातले इलेक्ट्रॉन दूर सरकतात. गोळ्याला बोट लावले तर ते अंगातून जमिनीत निघून जातात. आधी बोट काढले आणि मग कांडी, तर गोळ्यावर धन प्रभार उरतो. आधी कांडी काढली, तर इलेक्ट्रॉन परत येतात आणि काहीच उरत नाही. याला प्रवर्तन म्हणतात.

रुळांवर चालू तार ही कांडी, बंद तार हा गोळा आणि बोट कामगाराचे. फरक एवढाच की इथली वीज प्रत्यावर्ती, सेकंदाला 50 आवर्तनांची. त्यामुळे प्रभार एकदाच वाहून थांबत नाही. तार जमिनीशी जोडलेली नसेल तर माणसाच्या अंगातून ये-जा करत राहतो. बंद तारेवर असा काही हजार व्होल्टचा दाब येऊ शकतो. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी पहिली विद्युत गाडी धावली ती 1500 व्होल्टच्या एकदिश विजेवर. तिच्यात ही सततची ये-जा नव्हती. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील उरलेला टप्पा 25 हजार व्होल्टवर गेला तो जून 2015 मध्ये.

फलाटाचे पत्रे, पादचारी पुलाचा सांगाडा यांनाही अर्थिंग असते ते याचसाठी. जुना तुकडा वाटून अशी पट्टी कुणी कापून नेली, तर धोका कठड्याला टेकून उभ्या असलेल्या प्रवाशाला.

दांडी लावण्याचा क्रमही ठरलेला. आधी रुळाकडचे टोक घट्ट करायचे, मग तारेत आकडा अडकवायचा. काढताना उलट: आधी आकडा, शेवटी रूळ. हा क्रम चुकला, तर तारेवरचा प्रभार जमिनीत जाण्याऐवजी केबलच्या मोकळ्या टोकापर्यंत येतो, आणि ते टोक माणसाच्या हातात असते.