वसईची परसबाग : उन्हाळी लागवडीपूर्वी पाण्याचा हिशेब

माघ महिना सरत आला की वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमधील गारवा हळूहळू ओसरू लागतो. पहाटे केळीच्या पानांवर दव असते. दुपारचे ऊन मात्र चटके देऊ लागते. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा आदी गावांत याच सुमारास परसातील उन्हाळी भाजीपाल्याच्या लागवडीची तयारी सुरू होते.

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा तिन्ही बाजूंनी ही भूमी खाऱ्या पाण्याने वेढलेली आहे. तरीही येथे फुलांची, केळीची व विड्याच्या पानांची बागायत पिढ्यान्‌पिढ्या बहरत आली. राजेळी केळ्यांपासून होणारी सुकेळी ही तर या भागाची खास ओळख होय. हे सारे वैभव जमिनीखालील गोड्या पाण्यावर उभे आहे. म्हणूनच येथील गृहस्थाने बियाणे आणण्यापूर्वी विहिरीत डोकावणे अगत्याचे ठरते.

गोड्या पाण्याचा थर

वसई परिसरात वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. हे पाणी जमिनीत मुरते आणि हलके असल्यामुळे भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. शास्त्रीय अनुमान असे की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच असेल, तर त्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत टिकू शकतो. याचा व्यत्यास अधिक महत्त्वाचा आहे. बेसुमार उपशामुळे ही पातळी अर्ध्या मीटरने खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने २० मीटर वर सरकू शकते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागू शकतात.

वसईकरांच्या पूर्वजांनी हे तत्त्व अनुभवाने जाणले असावे. ठिकठिकाणी त्यांनी खोदलेली बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठविणारी गोड्या पाण्याची तळी, ही त्याची साक्ष होय. बावखलातील पाणी रहाटाने वाडीला मिळे, तसेच ते जमिनीत झिरपून आसपासच्या विहिरींनाही आधार देई. विजेचे पंप आले, रहाट थांबले आणि पुढे वाढत्या वस्तीत अनेक बावखले बुजविली गेली. टँकरद्वारे होणारा पाण्याचा उपसा आणि हिरव्या पट्ट्यावरील बांधकामे यांविरुद्ध १९९०च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लोकचळवळ उभारली, तीही याच चिंतेतून.

विहिरीची मोजणी

फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्याच्या आगमनापर्यंत सुमारे ११५ दिवस काढावे लागतात. विहीर ३ मीटर व्यासाची असल्यास तिच्यातील १ मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे ७,००० लिटर साठा होय. दगड बांधलेल्या दोरीने सायंकाळी, उपसा झाल्यावर पातळी मोजावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजावी. रात्रभरात पाणी पूर्ववत चढत नसेल, तर उपसा झेपण्यापलीकडे गेला आहे असे समजावे. अशा वेळी एकदम पंप लावून विहीर तळाला नेण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे पाणी काढणे हितावह असते.

नारळाच्या मोठ्या झाडास उन्हाळ्यात चार दिवसांतून एकदा सुमारे २०० लिटर पाणी द्यावे, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. परसात पाच माड असतील, तर दर चार दिवसांस १,००० लिटर पाणी त्यांच्यासाठीच लागेल. ते वजा जाता उरणाऱ्या पाण्यावर भाजीची आळी किती घ्यावयाची, हे ठरवावे. पाण्याला मचूळ चव येत असेल किंवा वाफ्यावर पांढरा थर धरत असेल, तर घेवड्यासारखी नाजूक पिके टाळावीत. पालक त्या मानाने अधिक सहनशील आहे.

माती आणि बी

काकडी, दुधी, पडवळ, कारली या वेलभाज्यांचे बी थंड मातीत नीट रुजत नाही. त्यामुळे रात्रीचा गारवा कमी झाल्यावर पेरणी करावी. तोवर आळी तयार ठेवावीत. सुमारे दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा काही दिवस उन्हात तापू द्यावा. तळाशी नारळाची सोडणे घालावीत; ती ओल धरून ठेवतात. त्यावर माती व चांगले कुजलेले शेणखत एकत्र करून भरावे. कारल्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने त्या रात्रभर पाण्यात भिजवून मग लावाव्यात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या कारल्याची ‘कोकण तारा’ व पडवळाची ‘कोकण श्वेता’ या जाती कोकणच्या हवामानास अनुकूल आहेत.

रोप वर आल्यावर बुंध्याभोवती सुका पाला वा पेंढा यांचे आच्छादन घालावे. त्यामुळे बाष्पीभवन घटते आणि क्षारही पृष्ठभागावर कमी साचतात. पाणी शक्यतो सायंकाळी द्यावे.

इमारतींतील बागा

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. तिच्या क्षेत्रात असंख्य कुटुंबे आज इमारतींत राहतात. सूर्या, उसगाव व पेल्हार येथून नळाद्वारे येणारे पाणी त्यांनीही जपूनच वापरले पाहिजे. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी गॅलरीतील मिरची, माठ अथवा मोगऱ्याच्या कुंडीस सहज पुरते. भांड्यांचे साबणमिश्रित पाणी मात्र कुंडीत घालू नये. गच्चीवरील पावसाचे पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडण्याची सोय उन्हाळ्यातच करून घेतल्यास पहिल्या पावसापासून तिचा लाभ मिळतो.

शेजारच्या वाडीतील विहीर आणि आपली विहीर यांचे पाणी जमिनीखाली एकच असते. त्यामुळे एका घरी वाचलेली घागर दुसऱ्याच्या वेलीलाही जगविते. ज्या गावांत बावखले अद्याप शिल्लक आहेत, तेथे ग्रामस्थांनी उन्हाळ्यात पाणी आटल्यावर त्यांतील गाळ काढून घ्यावा. तो वाफ्यांत पसरल्यास मातीचा कस वाढतो आणि बावखलात येत्या पावसाळ्यासाठी जागा होते.